एका भोकाची परवानगी

ओल्या साबणाचा तुकडा भिंतीतल्या भोकात छान बसतो. वाळला की पडतो.

*

रबरी शिक्का गरम चहात पडला तर शिक्क्याला काही होत नाही. चहा जांभळा होतो.

*

मुलीच्या लहानपणच्या सायकलची पुढची टोपली. तारेची. एका कोपऱ्यात रंगीत खडूचा तुकडा इतका घट्ट अडकलाय की धुऊनही निघत नाही.

*

सूचना : कांदा परतताना आपल्या बाजूचं बूच घट्ट लावावं. हुकमावरून.

*

"आज कितवं?"

"तिसरं."

"घाई करू नका."

*

हे सगळं एकाच भिंतीबद्दल आहे.

ती आमच्या स्वयंपाकघराची भिंत. तिच्या अलीकडे आम्ही, म्हणजे मी आणि बायको. पलीकडे इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी. ते बोलताना कलमं सांगतात म्हणून सगळी इमारत त्यांना कलमकाका म्हणते. एकटे राहतात. त्यांना नाव ठेवल्याचं कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, कोणत्या कलमाखाली ठेवलं एवढंच विचारलं.

तर, बायकोचा उजवा खांदा आखडला. पडली नाही, कुठे आपटली नाही, वजन उचललं नाही. एके दिवशी केस विंचरताना हात अर्ध्यात थांबला तो थांबलाच. डॉक्टर म्हणाले, सुटेल, पण वेळ घेईल, आणि व्यायाम शिकून घ्या. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंची वेळ लगेच मिळेना. तोवर हात खांद्याच्या वर जाणार नव्हता.

आता आमच्या घराची एक पद्धत आहे. रोज लागणाऱ्या सगळ्या गोष्टी वरच्या फळीवर, आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टी हाताशी. ही पद्धत कोणी बसवली हे सांगता येत नाही. घरं अशीच वाढतात, केसांसारखी. चहा, साखर आणि मीठ हे तीन डबे पार वर, छताच्या शेजारी, आणि भलंमोठं केक करायचं भांडं, ज्यात एकदाच केक झाला आणि तोही फसला, ते मात्र अगदी नाकासमोर.

एका पहाटे मी पाणी प्यायला उठलो. बायको खिडकीशी उभी होती, हातात कप.

"मलाही दे थोडा," मी म्हणालो.

"गरम पाणी आहे."

"चहा?"

"चहाचा डबा वर आहे. डाव्या हाताने काढायला गेले होते परवा, साखरेचा डबा डोक्यावर आला."

"अगं, मग मला उठवायचं!"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं बँकेतली बाई चुकीच्या खिडकीवर आलेल्या माणसाकडे बघते. "चहासाठी माणूस उठवला की तो चहा राहत नाही. त्याचा कार्यक्रम होतो."

हे समजायला मला सबंध आंघोळ लागली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रोज मी उठायच्या आधी ती एकटीने एक चहा पिते, खिडकीशी, कोणाशी काही न बोलता, हे मला माहीत होतं आणि माहीत नव्हतं. माहीत होतं, कारण धुवायला एक कप जास्त असायचा. माहीत नव्हतं, कारण तो कप तीच धुवायची. आणि आता तो चहा गेला होता. दिवसभराचे बाकीचे चहा मी करून देत होतो, ती पीतही होती, छान झालाय म्हणतही होती. पण तो तिचा चहा नव्हता.

मी ठरवलं की तो परत आणायचा. स्वतःच्या हाताने, घरातल्याच वस्तूंतून, फुकटात. हल्ली मोबाइलवर अशा फिती असतात. त्यांत कोणीतरी हसऱ्या चेहऱ्याने चप्पल ठेवायच्या खणात भांड्यांची झाकणं ठेवतं, पडद्याच्या दांड्यावर कढया टांगतं, आणि शेवटी स्वयंपाकघर असं दिसतं की तिथे स्वयंपाक करायची हिंमत होऊ नये. मी त्या सलग बघितल्या. माळ्यावरून मुलीच्या सायकलची टोपली काढली. भिंतीत एक खुंटी, खुंटीला टोपली, टोपलीत तीन डबे, आणि हे सगळं बायकोच्या कोपराच्या उंचीवर. यापेक्षा सोपं जगात काही नाही.

सकाळी बायकोने ओट्यावरची खिडकीजवळची जागा लख्ख पुसून ठेवली होती. मी तिथे माझी हत्यारं मांडली. मनात म्हटलं, बायको असावी तर अशी.

*

(इथे परवानगीचा भाग येतो. ज्यांना परवानग्यांचा कंटाळा आहे त्यांनी खालच्या चांदणीपर्यंत उडी मारावी. मला मारता आली नाही.)

"अर्ज लागेल," कलमकाका म्हणाले.

"काका, एकच भोक आहे."

"पहिल्याच भोकाला अर्ज लागतो. दुसऱ्यापासून दंड." त्यांनी चष्मा लावला. "भोकाचा व्यास?"

"करंगळीएवढा."

"कोणाच्या?"

मी करंगळी दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि 'मध्यम' असं लिहिलं.

"प्रयोजन?"

"चहा."

"चहा हे प्रयोजन होत नाही. चहा हे निमित्त असतं."

शेवटी 'कौटुंबिक सोय' यावर आमचं एकमत झालं. त्यांनी स्वयंपाकघरातल्या कोनाड्यातून कमिटीचा शिक्का आणला. एवढ्या मोठ्या घरात शिक्का चहाच्या कपांशेजारी का ठेवतात, हे विचारावंसं वाटलं, पण शिक्का उमटेपर्यंत माणसाने काही विचारू नये. शिक्का उमटला. मंजूर भोकं : एक.

*

पहिलं

ड्रिल मेव्हण्याचं. देताना तो मुलगी सासरी पाठवताना बोलावं तसं बोलला. "भावोजी, जपा. जोर करू नका. आवाज बदलला की थांबा."

बायको स्टुलावर बसून मटार सोलत होती. मी तिच्या कोपराची उंची घेतली, भिंतीवर पेन्सिलने खूण केली, आणि डोळे मिटून ड्रिल चालवलं. भोक पडलं! इतकं सरळ की मी दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं. भोकात प्लास्टिकची गिट्टी ठोकली, तीत खुंटी फिरवली, टोपली अडकवली, डबे ठेवले.

टोपलीचा तळ शेगडीला टेकला.

बायको उठून उभी राहिली, आणि डब्यापर्यंत पोहोचण्यासाठी तिला राजदरबारात वाकावं तसं वाकावं लागलं.

"अहो," ती म्हणाली, "माप घेतलंत तेव्हा मी बसले होते."

"मग तेव्हा बोलायचंस ना!"

"तुमच्या तोंडात खिळे होते. मला वाटलं, बोलणं बंद आहे."

दुसरं

पहिल्याच्या चार बोटं वर. मंजुरी एकाचीच होती, पण पहिलं बुजवलं की एकूण भोकं एकच राहतात, असा माझा हिशेब. बुजवायची युक्ती वरच्या मजल्यावरच्या आजींनी दिली. त्या आवाज ऐकून आल्या होत्या आणि घडी घालून आणलेल्या खुर्चीवर बसल्या होत्या. "पांढरा साबण ओला करून दाबायचा. घरमालकाला बापजन्मात कळत नाही. मी अशी तीन घरं सोडली."

दुसरं भोक उत्तम झालं. मग बायकोने नळ फिरवला. आमच्या नळाची मान लांब आहे. ती टोपलीत शिरली, आणि मिठाचं समुद्रात पुन्हा रूपांतर झालं.

तिसरं

गिट्टी आत जाईना. मी जोर केला. आवाज बदलला. थांबायला हवं होतं हे थांबल्यावर कळलं. भिंतीतून पिठासारखी भुकटी आली आणि करंगळीएवढं भोक अंगठ्याएवढं झालं.

"आगपेटीच्या काड्या घाला," आजी म्हणाल्या. "मग कापूस. मग दात घासायची पेस्ट. मग थोडी वाट बघा."

मी सगळं घातलं. खुंटी बसली, पण बोट लावलं की डुलायची. भोक पाडता येईना, भिंत वाकडी, असं बायको म्हणाली नाही. मटाराच्या शेंगेकडे बघून हसली फक्त. त्यापेक्षा तिने तसं म्हटलेलं परवडलं असतं.

चौथं

चौथ्या भोकाबद्दल मी बोलणार नाही. एवढंच सांगतो की त्या दिवशी दुपारी आख्ख्या इमारतीत पाणी नव्हतं, आणि ते सगळं आमच्या स्वयंपाकघरात होतं.

प्लंबर आला, पाइप सांधला, त्यावर सिमेंटचा जाड थर दिला, आणि जिन्यात जमलेल्या सगळ्यांना म्हणाला, "पाइप जुना होता, कधीतरी जाणारच." मी त्या माणसाचा आजन्म ऋणी आहे. जाताना मला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "साहेब, या थराला परत हात लावलात तर मी खरं सांगेन."

पाचवं

आता प्रश्न टोपलीचा राहिला नव्हता. प्रश्न माझा होता. दोन दिवस पहाटे मी मुद्दाम जागा होऊन ऐकलं होतं. पातेल्याचा आवाज यायचा, पाणी ओतल्याचा यायचा. डब्याच्या झाकणाचा यायचा नाही.

सिमेंटचा थर सोडून चार बोटं वर मी ड्रिल टेकवलं. सुरुवातीला नेहमीसारखा विरोध झाला, आणि मग एकाएकी भिंत संपली. ड्रिल मुठीपर्यंत आत गेलं. पलीकडे काहीतरी पडलं. डुबुक्.

भिंतीला कान असतात हे मी ऐकून होतो. आमच्या भिंतीला आता तोंडही होतं, आणि ते बोललं.

"कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"शेजारी."

"ते दिसतंय." भोकात एक डोळा आला. चष्म्यासकट. "माझ्या कोनाड्यातला शिक्का चहात पडलाय."

"जास्त लागलं का?"

"कोणाला?"

तिकडे कोनाडा असल्याने भिंत निम्मीच जाड आहे, हे मला माहीत असायला हवं होतं, कारण शिक्का तिथून येताना मी स्वतः बघितला होता. पण माणूस शिक्का बघतो, कोनाडा बघत नाही.

दोन मिनिटांत काका आमच्या स्वयंपाकघरात उभे होते. मी भिंतीला पाठ टेकवून, सहज उभं राहिल्यासारखा, शक्य तेवढा रुंद झालो होतो. नेमकं तेव्हाच पहिल्या भोकातला साबण वाळला आणि टपकन त्यांच्या पायावर पडला. त्यांनी तो उचलला, हुंगला, आणि मला हाताने बाजूला केलं.

"मंजूर एक," ते म्हणाले. "प्रत्यक्षात पाच."

"त्यातलं एक पाइपचं आहे."

"पाइपचं वेगळं कलम आहे. तेही लावू." मग त्यांचा आवाज थोडा उतरला. मला वाटतं, त्यांना खरंच वाईट वाटत होतं; नियमांवर प्रेम करणाऱ्या माणसाला ते मोडलेले बघवत नाहीत. "सर्वसाधारण सभा येतेय. तोवर भिंत पूर्ववत करा. एकही भोक नको. मंजूर झालेलंही रद्द."

सहावं

हे माझं नव्हे. संध्याकाळी मेव्हणा ड्रिल न्यायला आला, भिंत बघून खुर्चीत बसून हसला, आणि मी 'अरे, नको, सभा आहे' म्हणेपर्यंत त्याने एक भोक पाडूनही टाकलं. "भावोजी, याला म्हणतात भोक."

खरोखर देखणं भोक होतं. सरळ, गोल, काठाला टवका नाही. खुंटी अशी बसली की भिंतीसोबतच जन्मली असावी. फक्त मेव्हणा विजेच्या खांबाएवढा उंच आहे आणि भोक त्याने स्वतःच्या सोयीने पाडलं होतं. टोपली वरच्या फळीच्या शेजारी जाऊन टांगली गेली. म्हणजे डबे निघाले होते तिथेच परत पोहोचले, वाटेत पाच थांबे घेऊन.

"ताई, मस्त ना?" तो म्हणाला.

"मस्त," बायको म्हणाली, आणि पाणी गरम करायला ठेवलं.

*

दुसऱ्या दिवशी मी भोकं बुजवायचा लगदा आणला. कालवायला घेणार, एवढ्यात व्यायामाच्या बाईंचा फोन आला: कोणीतरी आज येणार नाही, तुम्ही या.

बाई तरुण होत्या आणि मोठ्याने बोलत होत्या, जणू खांद्याला कमी ऐकू येतं. त्यांच्या भिंतीवर एक लाकडी पट्टी होती, तिला खालून वर खाचा. बायकोने भिंतीसमोर उभं राहून बोटं सर्वांत खालच्या खाचेत ठेवायची, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. कोळी चढतो तशी. जिथे दुखेल तिथे थांबायचं, उद्या त्याच्या किंचित वर.

"घरी काय करता?" बाईंनी विचारलं. "सगळ्या वस्तू खाली नाही ना आणून ठेवल्या?"

मी घसा खाकरला. "प्रयत्न केला."

"कशाला? हात वर न्यायचाय, तर वस्तू खाली का आणायच्या? आज इथे, पुढच्या आठवड्यात चार बोटं वर. रोज लागणारी वस्तू असली तर फार चांगलं, कारण व्यायाम माणूस टाळतो, रोजची वस्तू टाळत नाही. आधी हलकं ठेवा, मग जड. अशी शिडी घरी करून घ्याल का कोणाकडून? नाहीतर मी पत्ता देते."

बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. बोटं तिसऱ्या खाचेत. वळली नाही.

"शिडी आहे आमच्या घरी," ती म्हणाली. "ह्यांनी केलीय."

"अरे वा. मापं कुठून मिळाली?"

"चुकत चुकत," बायको म्हणाली.

मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. बायकोने माझी बाजू घेतली की मला चपलांकडे बघायची सवय आहे. तशी वेळ क्वचित येते, त्यामुळे चपला नेहमी नव्या वाटतात.

*

भिंतीतून झालेलं बोलणं. मी लगद्याची पिशवी हातात धरून उभा होतो आणि यात माझा एकही शब्द नाही.

"काका, आहात का?"

"आहे. सभेची विषयपत्रिका लिहितोय. तुमची भिंत तिसऱ्या क्रमांकावर आहे."

"भोकं बुजवायची नाहीत."

"कलमात असं…"

"ही वैद्यकीय भोकं आहेत."

"कलमात वैद्यकीय भोक नाही."

"मग घाला."

पलीकडे चमचा कपात फिरत होता.

"किती काळासाठी?"

"हात वर जाईपर्यंत."

"हा कालावधी होत नाही."

"काका, मी महिनाभर चहा प्यायले नाहीये. माझा चहा."

चमचा थांबला.

"तुमचा म्हणजे पहाटेचा ना?" काका म्हणाले. "तुमच्या झाकणाच्या आवाजाने मी उठायचो. सध्या उशीर होतो मला." मग कागद सरकवल्याचा आवाज. "तात्पुरती उपाययोजना म्हणून लिहितो. आणि तुमच्या बाजूने बूच लावायची सोय करा. कांद्याचा वास येतो."

*

टोपली पुन्हा पहिल्या खुंटीवर आली. शेगडी एका बाजूला सरकवली, म्हणजे तळ टेकेना. पहिला आठवडा टोपलीत फक्त चहाचा डबा आणि वाटीत थोडी साखर. पहिल्या पहाटे मी अंथरुणात जागा होतो. पातेलं. पाणी. मग एक बारीक टक् आवाज, झाकणाचा. मी कूस बदलली आणि इतका शांत झोपलो की ऑफिसला उशीर झाला. साहेबांनी कारण विचारलं. झाकण, असं कसं सांगणार? बस चुकली म्हणालो.

दुसऱ्या खुंटीवर नळाच्या मानेला दोरी बांधून तिला शिस्त लावली. तिसरी खुंटी डुलायची, पण आजींची पेस्ट आतापर्यंत दगड झाली होती. त्या स्वतः येऊन ती हलवून बघून गेल्या. "मी म्हटलं होतं, थोडी वाट बघा."

आणि तिसऱ्यावर येऊन बायको अडली.

कारण चौथी पायरी नव्हती. तिथे सिमेंट होतं, प्लंबरच्या धमकीसकट. तिसऱ्यावरून एकदम पाचवं म्हणजे दोन पायऱ्या एका पावलात. पाचव्याच्या बुचात खुंटी बसवून तिने एकदा प्रयत्न केला. बाईंनी हलकं ठेवा सांगितलं होतं. तिने साखरेचा भरलेला डबा ठेवला, कारण ती तशी आहे. हात अर्ध्यावर गेला, डबा बोटांना लागला, आणि साखर ओट्यावर, शेगडीत, माझ्या हत्यारांत, तिच्या केसांत. ती खाली बसली. मी झाडू घेऊन आलो तेव्हा ती रडत होती, आणि तिला रडताना बघितल्याबद्दल माझ्यावर चिडली.

"सगळी भोकं पाडलीत," ती म्हणाली, "आणि जे पाहिजे होतं तेच पाइपात पाडलंत!"

मी ड्रिलसाठी मेव्हण्याला फोन लावला आणि म्हणालो, "आज पाडतो. सिमेंट तर सिमेंट."

"ड्रिलला हात लावाल तर बघा!" हे बायको, मेव्हणा (फोनवरून), आणि जिन्यातून आजी, तिघांनी एकाच वेळी म्हटलं. घरात माझ्याबद्दल इतकं एकमत मी पहिल्यांदा बघितलं.

आठवडा तसाच गेला. टोपली तिसऱ्यावरच. ती बोलायची कमी. पुढच्या आठवड्यातही तिसऱ्यावरच. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, इथे थांबलात तर खांदा इथेच राहील. घरी येताना ती बसच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "गरम पाणीही काही वाईट नसतं."

मी आयुष्यात खूप गोष्टी मोडल्यात, पण तिची जिद्द त्यांत नको होती.

दुसऱ्या सकाळी बुचावर टकटक झाली. पलीकडून. बायकोने बूच काढलं. भोकातून एक सुतळी बाहेर आली, दुहेरी, खाली टोकाला गाठ मारून फास केलेला. ती सळसळत चार बोटं खाली आली आणि सिमेंटच्या थरावर येऊन थांबली. बरोब्बर जिथे चौथं असायला हवं होतं तिथे.

"टोपली अडकवा," भिंत म्हणाली. "माझ्या बाजूला आमटीच्या डावाचा दांडा आडवा लावलाय. वजन पेलेल."

आम्ही दोघं त्या फासाकडे बघत राहिलो. सुतळी! खुंटीवरून सुतळी सोडली की हवी ती उंची मिळते. हे मला सुचलं नव्हतं, मेव्हण्याला सुचलं नव्हतं, मोबाइलमधल्या एकाही हसऱ्या चेहऱ्याला सुचलं नव्हतं. आजींना सुचलं होतं म्हणे, पण "तुमचा उत्साह बघून बोलले नाही."

"काका," बायको म्हणाली, "हे कोणत्या कलमात बसतं?"

"बसत नाही," काका म्हणाले. "लोंबतं."

त्यांनी विनोद केला होता. इमारतीच्या इतिहासात त्याची नोंद व्हायला हवी. कितीतरी वेळ आम्हाला हसायचं सुचलंच नाही. मग बायको हसायला लागली ती थांबेना, आणि पलीकडून एक कोरडं, न वापरलेलं हसू आलं, बंद कपाट उघडल्यासारखं.

त्यानंतर रोज काका सुतळी एक बोट आखडायचे. "आज एक बोट वर घेतोय. हुकमावरून." रोज बायकोचा हात एक बोट वर जायचा. एकदा ते बराच वेळ भोकाशी घुटमळले आणि मग म्हणाले, "तो व्यायाम… डाव्या हातालाही चालतो का?"

"कोणाच्या?"

"एका परिचितांच्या. त्यांना वरच्या कपाटातलं काही काढता येत नाही. शिक्कासुद्धा कोनाड्यात ठेवावा लागतो."

बायकोने सगळा व्यायाम सांगितला. सावकाश, दोनदा, परिचितांनी लिहून घेईपर्यंत.

*

सभा झाली. आमची भिंत तिसऱ्या क्रमांकावर आली. काकांनी 'प्रगती समाधानकारक' असं वाचलं आणि पुढच्या विषयाकडे वळले. कोणाची प्रगती हे कोणी विचारलं नाही. प्लंबर सभेला आला होता, दुसऱ्या कामाने. माझ्याकडे बघून त्याने डोळा मिचकावला.

पाचवी खुंटी. मग ती पहाट, आणि मी नेहमीप्रमाणे जागा होतो.

पातेलं. पाणी. मग काही नाही. मेव्हण्याची खुंटी, सर्वांत वरची. व्यायामाच्या बाई म्हणाल्या होत्या, तिथवर जायची गरज नाही, हात पुरेसा सुटलाय. बायको म्हणाली होती, गरजेसाठी कोण जातंय.

चवड्यांवर उभं राहिल्याचा आवाज असतो का? मला तो ऐकू आला. मग टोपलीची तार करकरली. मग टक्.

झाकण.

उठून जावंसं वाटलं. गेलो नाही. तो तिचा चहा होता. माणूस आला की कार्यक्रम होतो. मी पांघरुणात पडून त्या झाकणाचे, पाण्याचे, कपाचे आवाज एकेक करून ऐकत राहिलो, आणि मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले. आजींचे, साबणाचे, दगड झालेल्या पेस्टचे, मेव्हण्याच्या उंचीचे, प्लंबरच्या खोटं बोलण्याचे, सुतळीचे. एवढ्या सगळ्यांनी मिळून एका बाईला एक कप चहा पाजला होता, आणि तिला मात्र एकटीलाच पिऊ दिला होता.

तेवढ्यात भिंतीतून हळू आवाज आला.

"आज कितवं?"

"सहावं."

पलीकडे कागद सरकला. मग काका म्हणाले, "मंजूर." आणि त्यांनी त्यांच्या बाजूने बूच लावलं.

*

ओट्यावरची खिडकीजवळची ती जागा, जिथे मी पहिल्या दिवशी हत्यारं मांडली, तिने डब्यांसाठी पुसली होती.